आजी, जिना आणि फुंकरराव

"डॉक्टर, मी तुमच्या वॉर्डात व्हायोलिन वाजवलं तर कुणी मरेल का?"

हा प्रश्न माझा नाही. तो माझ्या मैत्रिणींचा आहे. त्यातल्या एकीला आम्ही 'रेडिओ' म्हणतो, कारण ती बंद होत नाही. तिनेच मधल्या सुट्टीत पैज लावली होती, की हिंमत असेल तर हाच प्रश्न, याच शब्दांत, मोठ्या डॉक्टरांना विचारून दाखव. मागच्या वर्षी मी हे ऐकून डबा बंद करून निघून गेले असते. तेव्हा मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा घाबरायचे. पण यंदा आंतरशालेय स्पर्धेत मी व्हायोलिनमध्ये पहिली आले आणि तेव्हापासून माझ्यात इतकी हिंमत आली आहे, की ती या घरात मावत नाही, असं आई म्हणते.

डॉक्टर तेव्हा आजीचा पाय वर-खाली करून बघत होते. ते थांबले. त्यांच्या मागे उभे असलेले शिकाऊ डॉक्टरही थांबले. आईने डोळे मिटून घेतले.

"संगीताने आजवर माझा एकही पेशंट गेलेला नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पण तू कसं वाजवतेस ते मला माहीत नाही. मोठ्या सिस्टरना विचार."

पैज जिंकले, पण एव्हाना ती पैज राहिली नव्हती. मला खरंच वाजवायचं होतं. का, ते सांगते.

आजी पंखा पुसायला स्टुलावर चढली होती. स्टूल घसरलं, आजी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश झाले; फक्त आजी चालेना. "पाय माझा आहे, तो नाही म्हणतोय," एवढंच ती सांगायची. आता आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जिना चढता आल्याशिवाय त्या घरी पाठवणार नाही. आणि दुसऱ्या गावात राहणाऱ्या माझ्या काकांचं घर तळमजल्यावर आहे. काकांनी लगेच खोली रिकामी करून, खिडकीला नवे पडदे लावून, त्या पडद्यांचा फोटोही पाठवला.

आजी आणि मी एका खोलीत राहतो. मी सूर चुकवत चुकवत व्हायोलिन शिकले तेव्हा सगळी इमारत खिडक्या लावून घ्यायची आणि आजी एकटी समोर बसून ऐकायची. काका मला फोनवर म्हणाले, "मग काय, आता अख्खी खोली तुझी!" मला आनंदाची बातमी दिल्यासारखं म्हणाले. मला अख्खी खोली नको होती.

त्या वॉर्डात दुपारी कुणीतरी येऊन वाद्य वाजवतं, हे मी पाहिलं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, की जे पाय हुकूम ऐकत नाहीत ते कधीकधी सूर ऐकतात. एवढं मला पुरेसं होतं. मी डोळ्यांसमोर सगळं आणलं: मी वाजवतेय, आजी उठतेय, चालतेय, डॉक्टर चष्मा पुसतायत. रेडिओ दारात उभी राहून रडतेय. रेडिओचं रडणं मी मुद्दाम घातलं होतं.

मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मला चालेल. संसर्गवाल्या बाईंना चालायला हवं."

संसर्गवाल्या बाई, म्हणजे हॉस्पिटलात जंतू पसरू नयेत हे बघणाऱ्या, तळघरात, धुलाईखोलीच्या शेजारी बसतात. त्यांनी हातमोजे घालून माझी व्हायोलिनची पेटी उघडली आणि बो, म्हणजे वाजवायचा गज, दोन बोटांत धरून उचलला.

"हे कशाचे केस?"

"घोड्याच्या शेपटीचे."

"खऱ्या घोड्याच्या?"

"हो."

"आजारी वगैरे नव्हता ना?"

"मला कल्पना नाही. आमची ओळख नाही."

त्यांना विनोद आवडत नसावेत. "प्राण्याचे केस वॉर्डात न्यायचे तर आधी स्पिरिटने पुसायचे," असं म्हणून त्यांनी कापूस भिजवला आणि करपलेलं पातेलं घासावं तशा उत्साहाने माझा बो या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढला.

व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या छातीत इथे धस्स झालं असेल. इतरांसाठी सांगते: बोच्या केसांना राळ चोळलेली असते. ती असते म्हणून केस तारेला पकडतात आणि आवाज येतो. राळ गेली की बो तारेवरून नुसता घसरतो. आणि स्पिरिटने राळ जाते. पण परवानगी मिळाल्याच्या आनंदात मला वाटलं, उरली असेल थोडी.

उरली नव्हती.

मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले. शाळेत शिकवतात तशी मान झुकवली. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, बो उचलला आणि स्पर्धेतली धून सुरू केली. काहीही ऐकू आलं नाही. मी जोर लावला. हात झपाझप हलत होता, केस कपाळावर येत होते, भाव चेहऱ्यावर ओसंडून वाहत होते आणि आवाज मात्र शून्य. पहिल्या खाटेवरच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढलं, झटकलं आणि पुन्हा घातलं. त्यांच्या शेजारच्यांनी तेच यंत्र मागून आपल्या कानात घालून पाहिलं. खिडकीपाशी एक ट्रकवाले मामा पाय प्लास्टरमध्ये लटकवून पडले होते. ते घाबरून ओरडले, "सिस्टर! मला ऐकू येत नाहीये!"

आणि तेव्हाच मला 'ते' पहिल्यांदा नीट दिसले.

कोपऱ्यात, घरून आणलेल्या उशीवर, एक गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा बुशशर्ट. एका खिशात माउथ ऑर्गन, दुसऱ्या खिशात तो पुसायचा रुमाल. कुठल्याशा वजनमापांच्या कचेरीतून निवृत्त झालेले. रोज दुपारी वॉर्डात तेच वाजवायचे. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे हो बाळ. शांतता हेही औषधच असतं."

बाळ! मी दहावीत आहे!

मग त्यांनी माउथ ऑर्गन ओठांना लावला आणि एक अगदी साधी, लहान मुलाला झोपवताना वाजवावी तशी धून काढली. अख्ख्या वॉर्डाने एकदम सुस्कारा सोडला. आजीने उशीला डोकं टेकलं. आणि हसली. माझी आजी. त्यांच्याकडे बघून.

मी त्या क्षणी त्यांचं नाव फुंकरराव ठेवलं. त्यांच्या पाठीमागे सगळ्यांना तेच नाव सांगत होते; समोर अर्थात 'काका'च म्हणत होते, संस्कार आहेत माझ्यावर.

आमच्या इमारतीत बातमी माझ्याआधी पोचली होती. तळमजल्यावरच्या काकू जिन्यातच भेटल्या. "अगं, आजारी माणसांपुढे असं हळुवार काय वाजवायचं? त्यांचं रक्त जागं व्हायला हवं. जलद वाजव, जलद!" समोरचे इंजिनियर आजोबा म्हणाले, "ध्वनी छताला आपटून परत येतो. तू खाटेच्या खाली बसून वाजव." बाबा म्हणाले, "तू अभ्यास कर." तीन सल्ल्यांपैकी मी काकूंचा निवडला, कारण तो माझ्या मनात आधीपासूनच होता.

दुसऱ्या खेपेला मी तयारीनिशी गेले. संसर्गवाल्या बाईंकडून बो पुसून घेतला, स्वच्छतागृहात जाऊन त्याला नवी राळ चोळली आणि वॉर्डात स्पर्धेची धून पूर्ण वेगात वाजवली. काय वाजवली! शेवटच्या भागात तर माझी बोटं मलाच दिसत नव्हती. मध्येच कुठलंतरी यंत्र टीं-टीं करायला लागलं. मला वाटलं, ठेका धरलाय. मग दुसरं यंत्र लागलं. सिस्टर धावत आल्या. पहिल्या खाटेवरच्या आजोबांची नाडी सुसाट सुटली होती. ट्रकवाले मामा हात जोडून म्हणाले, "पोरी, माझा पाय टांगलाय गं. मला पळताही येत नाही."

"पण एकही माणूस झोपला नाही!" मी मोठ्या सिस्टरना अभिमानाने सांगितलं. "बघितलंत ना? सगळे टक्क जागे!"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "दुखण्यामुळे यांना रात्री झोप येत नाही. दुपारी जरा डोळा लागावा म्हणून हे सगळं चाललंय. फुंकर... काय नाव ठेवलंयस तू त्यांचं? ते वाजवतात तेव्हा निम्मा वॉर्ड घोरतो."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आमच्या जगात श्रोता झोपला तर वादकाने तोंड लपवायचं असतं. आमच्या क्लासच्या सरांनी एकदा एका पालकाला जांभई दिली म्हणून बाहेर काढलं होतं. आणि इथे घोरण्यावरून पहिला नंबर ठरत होता! या असल्या स्पर्धेत मी जिंकणार कशी?

त्या आठवड्यात मी फुंकररावांचा सखोल अभ्यास केला. त्यांना एकूण मोजकीच गाणी येतात. वाजवताना ते डावा बूट आपटतात. बुटांना रोज पॉलिश असतं. गाणं संपलं की "शिकलो नाही हो कुणाकडे, देणगीच असते ती" असं ते न विचारता सांगतात. आणि त्यावर सगळे "वा" म्हणतात. मी रोज सकाळी उठून सराव करते, माझ्या बोटांना घट्टे पडलेत, पण मला देणगी आहे असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही.

हे सगळं मी रेडिओला फोनवर सांगितलं.

"तू एका टक्कल पडलेल्या माणसावर जळतेयस?" ती म्हणाली.

"जळत नाहीये. निरीक्षण करतेय."

"मग दात का खातेयस? मला इथे ऐकू येतंय."

मी फोन ठेवला. मैत्रिणी अशा वेळी काही कामाच्या नसतात.

आणि मग तो दिवस आला. शाळा सुटल्यावर मी वॉर्डात शिरले तर आजीची खाट रिकामी. मी तशीच धावत सुटले. बाहेर गॅलरीत बघते तर आजी वॉकर धरून उभी! आणि चालतेय! एक पाऊल, मग श्वास, मग दुसरं. शेजारी व्यायामाच्या ताई. आणि समोर, उलट्या पावलांनी मागे मागे सरकत, माउथ ऑर्गन वाजवत, फुंकरराव.

मला आनंद झाला. खरंच झाला, खोटं कशाला सांगू? पण पोटात जिथे तो झाला, त्याच्या अगदी शेजारी दुसरंही काहीतरी झालं आणि ते आनंदापेक्षा मोठं होतं.

"बघ गं ठमे, चालले मी!" आजी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "ते किती छान थांबतात बघ माझ्यासाठी."

"मीपण थांबते."

"तू?" आजी इतकी हसली की ताईंना तिला धरावं लागलं. "तू रांगायच्या आधी पळायला लागलीस."

ते थांबतात म्हणे! दम लागतो त्यांना, म्हणून थांबतात! पण हे ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेले. आजीचं चालणं सुरू झालं तेव्हा फुंकरराव गॅलरीच्या एका टोकाला होते. मी व्हायोलिन घेऊन दुसऱ्या टोकाला उभी राहिले आणि सुरू केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जोरात फुंकलं. मी जोर वाढवला. त्यांनी बूट आपटला. मी दोन्ही आपटले. मधे आजी. तिचा उजवा पाय त्यांच्या ठेक्यावर पडला, डावा माझ्या, आणि वॉकर निघाला भिंतीकडे.

"बंद करा!" ताई ओरडल्या. "दोघंही!"

आजीला चाकाच्या खुर्चीत बसवलं. ती पांढरीफटक पडली होती. "पाय नाही म्हणतोय," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी पुन्हा तेच वाक्य. फुंकरराव रुमालाने माउथ ऑर्गन पुसत भिंतीकडे बघत राहिले. मी माझ्या बुटांकडे.

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. ते शनिवारी गाडी घेऊन येणार होते. डॉक्टरांनी सांगितलं, शनिवारी सकाळी जिन्यावर एकदा बघू. चढल्या तर स्वतःच्या घरी, नाहीतर मुलाच्या गाडीत. आई मला म्हणाली, "शनिवारी तू फक्त नात म्हणून यायचं. कलाकार म्हणून नाही."

मी मान्य केलं. पण शनिवारी सकाळी माझा व्हायोलिनचा क्लास असतो आणि मी तिथून परस्पर आले, त्यामुळे पेटी खांद्याला होती. पेटी बंद होती. बंद पेटी म्हणजे सामान.

हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यापाशी सगळे जमले होते. वरच्या टोकाला काका गाडीची किल्ली बोटात फिरवत उभे. खाली आई-बाबा, डॉक्टर आणि सिस्टर. आजीने कठडा धरला, ताई तिच्या पाठीशी, आणि फुंकरराव पुढे, उलटे चढायला सज्ज. त्या दिवशी बुटांचं पॉलिश जरा जास्तच होतं.

त्यांनी सुरू केलं. आजीने पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. फुंकरराव एक पायरी वर, आजी एक पायरी वर. मी दात खाऊन बघत होते आणि त्याच वेळी मनात म्हणत होते, वाजवा काका, वाजवा, थांबू नका.

अर्ध्या जिन्यात ते थांबले.

जिना चढायचा, तोही उलटा, आणि फुंकायचंही! एका माणसाला श्वास तरी किती पुरवायचा? त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, माउथ ऑर्गनमधून एक केविलवाणा 'पीं' निघाला आणि ते मटकन पायरीवर बसले. सिस्टर त्यांची नाडी बघायला धावल्या.

आजीचा एक पाय वर, एक खाली. ती तशीच गोठली. कठड्यावरच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती.

"आई, कशाला त्रास करून घेतेस?" काका वरून म्हणाले. "आमच्याकडे एक पायरी नाही. पडदेही नवे आहेत."

 आजीने मागे वळून बघितलं. आईकडे नाही, बाबांकडे नाही. माझ्याकडे. तिला जायचं नव्हतं. हे ती कुणाला सांगत नव्हती, पण मला दिसलं.

ताईंनी माझ्या खांद्यावरच्या पेटीकडे बोट केलं. "तू. पण हळू!"

बो पुसलेला नव्हता. संसर्गवाल्या बाई आणि तो घोडा, दोघंही मला क्षमा करोत. मी फुंकररावांचीच धून सुरू केली. राग करता करता ती मला तोंडपाठ झाली होती. पण बोटांना सवय एकच. दोन ओळींत मी पार पुढच्या मजल्यावर पोचले आणि आजी तिथेच.

"कुठे पळतेस?" ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या पायाकडे बघ की गं."

मी बघितलं. निळी सपात. सुजलेला घोटा. उचलताना तो थरथरत होता, पायरी शोधत होता, घाबरत होता. इतके दिवस मी त्या वॉर्डात आले, सिस्टरांकडे बघितलं, यंत्रांकडे बघितलं, फुंकररावांच्या बुटांकडे तर किती बघितलं. हा पाय एकदाही बघितला नव्हता.

मी एक सूर धरला आणि सपात पायरीला टेकेपर्यंत सोडला नाही. मग पुढचा. तो आणखी लांब. मधेच बो संपायचा, मी उलटा फिरवायचे, सूर चालूच. आजीने श्वास घेतला की मीही घ्यायचे. त्याला कुणी धून म्हटलं नसतं. स्पर्धेचे परीक्षक असते तर मला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं. पण पाय उचलला जात होता आणि ठेवला जात होता. मी आजीच्या मागे मागे एकेक पायरी चढत होते. काकांच्या हातातली किल्ली फिरायची थांबली.

आजी वर पोचली.

टाळ्या पडल्या. बाबांनी नाक शिंकरलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला (हो, खरंच पुसला!). आजीने मला जवळ ओढलं, तिचे ओठ माझ्या कानाशी आले. मी डोळे मिटले. इतक्या दिवसांचं सगळं आता फिटणार होतं.

"अगं," आजी म्हणाली, "त्यांना कुणीतरी पाणी द्या."

मी दिलं. मीच नेऊन दिलं. फुंकरराव घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "छान वाजवलंस हो बाळ. जरा लांबट झालं."

आजी आमच्या घरी आली. आमचा जिना ती प्रत्येक मजल्यावर बसत, तळमजल्यावरच्या काकूंचे सल्ले ऐकत चढली, मी मागून सूर धरला आणि इमारतीतल्या एकानेही खिडकी लावली नाही. काका जाताना म्हणाले, नवे पडदे काढून इकडेच पाठवतो. सगळं झकास चाललं होतं. मग सोमवारी जेवताना आजी सहज म्हणाली,

"त्यांना मी दर रविवारी बोलावलंय. वाजवायला. पायाला विसर पडायला नको."

"कुणाला?" मी विचारलं. मला माहीत होतं कुणाला.

"पण आई, ते तीन मजले चढणार कसे?" बाबा म्हणाले.

"बसत बसत येतील. प्रत्येक मजल्यावर एकेक खुर्ची ठेवा."

बाबा खरोखरच खुर्च्यांचा विचार करायला लागले. आई म्हणाली, सोबत काहीतरी खायला करावं लागेल. आजीने स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. मी ताट बाजूला सारलं आणि उभी राहिले.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय," मी म्हणाले. "उद्यापासून मी माउथ ऑर्गन शिकणार आहे. फुंकररावांकडेच. मी त्यांच्याकडे जाईन, त्यांनी इकडे यायची काही गरज नाही. त्यांना येतात ती सगळी गाणी मी रविवारच्या आत काढून घेणार."

"आणि व्हायोलिन?" आई घाबरून म्हणाली.

"ते आहेच. आजी चालेल तेव्हा व्हायोलिन, आजी झोपेल तेव्हा माउथ ऑर्गन. एकही खुर्ची ठेवायची नाही. वॉर्ड त्यांचा राहू दे. आजी माझी आहे."